चारशे सतराचा मुक्काम

काही लोकांच्या घरात रिकाम्या बरण्या साठतात, काहींच्या घरात जुन्या चपला. माझ्याकडे किस्से साठतात. चारचौघांत सांगायला घेतले की लोक आधी हसतात आणि मग हळूच खुर्ची जवळ ओढतात. यात दोष माझा नाही. वीस वर्षं ज्या जागी काढली ती जागाच तशी आहे. रोज एखाद्या अंगात काहीतरी टाकायचं आणि ते कधी नाहीसं होतंय याची वाट बघत बसायचं. नाहीशी व्हायची गोष्ट नाहीशी झाली नाही, की एक किस्सा जमा.

जागा म्हणजे सातपूरच्या पुढे एमआयडीसीतली एक छोटी लॅब. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी आहे. आमचे पाहुणे समजतात की मी औषधं बनवतो. बनवत नाही. औषध चांगलं की वाईट हेही मी बघत नाही. मी औषधाचा तलाठी. पोटातून रक्तात किती पोचलं, कधी पोचलं, किती वेळ मुक्काम केला आणि कोणत्या वाटेने बाहेर पडलं, एवढीच माझ्याकडे नोंद. नवीन औषध शोधताना निम्मी औषधं याच नोंदीत मरतात. काचेच्या नळीत वाघ, आणि अंगात गेलं की अर्ध्या तासात पसार.

या नोंदींच्या मागे लागून ज्यांचे केस पिकले ते आमचे गांगुर्डे सर. केमिस्ट. सटाण्याकडचे, शेतकरी घरातले. सांधे आखडण्याच्या आजारावर ते एक रेणू बनवत होते. एक बनवायचे, मी मोजायचो, तो फेल जायचा, ते दुसरा बनवायचे. असे चारशे सोळा गेले. चारशे सतरावा जरा टिकला. आम्ही त्याला नुसतं 'सतरा' म्हणायला लागलो, घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

सरांची एकच इच्छा होती आणि ती लॅबमधल्या झाडूवाल्यालाही पाठ होती. रिटायर होण्याआधी सतरा एकदा माणसाच्या रक्तात बघायचा. आधी उंदीर, मग कुत्रा, मग माणूस, असा रस्ता असतो. आणि रिटायरमेंट तर येत चालली होती.

*

पहिला किस्सा उंदरांचा. सतरा तोंडावाटे दिला, दर तासाला थेंबभर रक्त घेतलं, मी मशीनवर मोजलं. मशीन औषध सापडलं की पडद्यावर एक टेकडी काढतं. टेकडी उंच तर औषध जास्त, सपाट माळ तर काही नाही. पहिल्या तासाला ब्रह्मगिरी. चौथ्या तासाला उंबरठा. सहाव्या तासाला सपाट. सरांनी चष्मा काढून पुसला.

आठव्या तासाला टेकडी परत आली.

काही दिलं नव्हतं. सकाळी जे दिलं तेवढंच. मी नमुना परत चालवला. तीच टेकडी. मेलेला माणूस तेराव्याच्या जेवणाला पंगतीत येऊन बसावा, तसं ते दिसत होतं.

उंदीर-कुत्र्यांचा विभाग कुसुमताई बोरस्ते सांभाळतात. दिंडोरीकडच्या, घरी द्राक्षबाग. त्यांना बोलावलं. त्यांनी ग्राफ बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, उंदीर सोताची लेंडी खातो. तुम्हाला कोणी सांगितलं नाय का?"

म्हणजे बाहेर गेलेला सतरा त्याच दाराने पुन्हा आत. आम्ही खाली जाळी असलेले पिंजरे आणले. लेंडी खाली पडणार, उंदराला मिळणार नाही. आठव्या तासाला टेकडी तरीही आली.

मग सरांनी उलगडा केला की लिव्हर सतराला पित्तात टाकतं, पित्त आतड्यात जातं, आतडं त्याला पुन्हा रक्तात ओढतं. पुस्तकात आहे हे. पण कुसुमताईंचं म्हणणं मला जास्त पटलं. त्या म्हणाल्या, याला घालवलं तरी हा जात नाही, याला राहायचंय.

*

दुसरा किस्सा नऊ नंबरचा. आठ उंदरांना सतरा द्यायचा आणि नवव्याला नुसतं पाणी, अशी पद्धत. नववा असतो तुलनेसाठी. त्याच्या रक्तात काही निघता कामा नये.

निघालं. आठ जणांइतकंच.

माझा पहिला संशय कुसुमताईंवर. शेपटीवरच्या खुणा बघताना गडबड झाली असणार. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग केला आणि त्यांनी मला शेजारी उभं केलं. प्रत्येक शेपटी माझ्या नाकापुढे धरून नंबर वाचायला लावला. नऊ नंबरला पाणी माझ्या डोळ्यांदेखत दिलं. रक्तात सतरा होताच.

मग नऊ नंबरला उचलून मागच्या इमारतीत नेलं. वेगळी खोली, वेगळी हवा, वेगळी माणसं. तिसऱ्यांदा प्रयोग केला. नऊ नंबर एकदम कोरा. सरांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि मी बाकीच्या आठांचे नमुने मशीनला लावले.

आठही कोरे. डोस दिलेले, डोळ्यांदेखत गिळलेले आठ उंदीर. एकाच्याही रक्तात कणभर सतरा नाही.

आमचे साहेब कुलथे लॅबचे प्रमुख. त्यांना भुताखेतांपेक्षा तारखेची भीती जास्त. ते म्हणाले, नवव्याला परत आणून ठेवा आणि कामाला लागा. आणून ठेवला. आठांच्या टेकड्या जागच्या जागी आल्या. आश्चर्य म्हणजे आता नववा कोरा राहिला, अगदी शेवटपर्यंत. जणू बाकीच्यांना सोबत पाहिजे होती तेवढीच. रिपोर्टात आम्ही लिहिलं, 'अभ्यास पुन्हा करण्यात आला.' काय चुकलं ते लिहिलं नाही, कारण काय चुकलं ते माहीतच नव्हतं.

*

इथे एक सांगायला पाहिजे, नाहीतर सर कशासाठी झुरत होते ते कळणार नाही. ग्राफवर वेळ आडवा मांडतात आणि रक्तातलं औषध उभं. रेघ चढते, उतरते, आणि तिच्याखाली जी जागा भरते, तितकं औषध शरीराला एकूण भेटलं असं धरायचं. रेघ कितीही उंच चढली आणि लगेच कोसळली तर खालची जागा चिंचोळी. बुटकी असली पण दिवसभर टिकली तर जागा भरघोस. सर त्या जागेला 'वावर' म्हणायचे, शेताला म्हणतात तसं. मी नमुने चालवून खोलीबाहेर आलो की त्यांचा प्रश्न ठरलेला, "जाधव, वावर केवढं भरलं?" मी म्हणायचो, अर्धा एकर. ते म्हणायचे, माणसाला दोन लागतील.

*

तिसरा किस्सा कुत्र्यांचा. तीन होते. कागदावर त्यांना नंबर, कुसुमताईंच्या तोंडी राजा, बिजल्या आणि फौजदार. डोस द्यायच्या आधी एक रक्ताचा नमुना घेतात, त्याला शून्य तास म्हणतात. अजून काही दिलेलंच नसतं, तेव्हा त्यात काही असायचा प्रश्न नाही.

फौजदारच्या शून्य तासात सतरा होता.

आधीच्या आठवड्यातला डोस उरला असणार, असं आम्ही धरलं. काही औषधं चरबीत जाऊन बसतात. चाळीत कांदा भरून ठेवावा तशी, आणि मग मनाला येईल तेव्हा थोडीथोडी रक्तात उतरतात. हेही पुस्तकात आहे. आम्ही तीन आठवडे थांबलो. शून्य तासाला रक्त घेतलं. कोरं. मग दोन आठवडे मधूनमधून उगाच रक्त घेतलं, सगळं कोरं. चाळ रिकामी झाली म्हणून डोसचा दिवस ठरवला, सोमवार सकाळी दहा.

सोमवारी पावणेदहाला शून्य तासाचा नमुना घेतला. त्यात सतरा.

सर म्हणाले, दिवस बदला. कोणाला सांगू नका. कुसुमताई, तुम्ही मनातच ठरवा आणि त्या सकाळी मला फोन करा. कुसुमताईंनी गुरुवार धरला. मंगळवारी रक्त घेतलं, कोरं. बुधवारी घेतलं, कोरं. गुरुवारी सकाळी त्यांनी सरांना फोन केला आणि डोस भरायच्या आधी फौजदारचं रक्त घेतलं.

नमुना माझ्याकडे देताना त्या मशीनच्या खोलीत आल्याच नाहीत. दारातूनच दिला. म्हणाल्या, "भाऊ, चालवायची गरज नाय. मी बाटली हातात घेतली तेव्हाच तो जिभल्या चाटत होता."

चालवला. होता.

*

चौथा छोटासा आहे. सतरा चवीला जहर कडू. ते आम्हाला कसं माहीत, हे विचारू नका. जुन्या केमिस्ट लोकांना सवयी असतात. पण पुढेपुढे असं व्हायला लागलं, की ज्या दिवशी जनावरांना डोस असेल त्या दिवशी सर, कुसुमताई आणि मी, आम्हा तिघांना चहा कडू लागायचा. कॅन्टीनवाल्याशी मी भांडून घेतलं. त्याने दूध बदललं, साखर वाढवली, शेवटी पातेलं बदललं. आम्हाला कडू तो कडूच, आणि शेजारच्या पॅकिंगवाल्यांना गोड.

एकदा मुख्य ऑफिसचे एक पाहुणे आले होते. त्या आठवड्यात डोस नव्हता, चहा छान होता. चौथ्या दिवशी पाहुण्यांनी घोट घेतला आणि विचारलं, यात काय घातलंय? आम्ही तिघांनी कप खाली ठेवले. कुसुमताई उठल्या आणि मागे जाऊन आल्या. पुढच्या आठवड्याचे डोस कुलथे साहेबांनी आम्हाला न कळवता त्या सकाळीच उरकायला लावले होते. कुसुमताईंच्या हाताखालच्या बाईंनी नुकताच शेवटचा दिला होता.

पाहुणे चहा न पिता गेले. सर त्यांच्या पाठमोऱ्या गाडीकडे बघत म्हणाले, निदान जिभेपर्यंत तरी पोचला माणसाच्या. मी हसलो. ते हसले नाहीत.

*

पाचव्यात भूत नाही, पण अंगावर काटा आणणारा तोच आहे. मुख्य ऑफिसची मीटिंग. कुत्र्यांच्या वावराचा हिशेब मांडला गेला आणि त्यावरून माणसाला किती द्यावं लागेल ते काढलं गेलं. कुलथे साहेबांनी आकडा वाचला आणि म्हणाले, गांगुर्डे, दिवसातून तीनदा मूठभर गोळ्या घ्यायला लागतील पेशंटला.

सर म्हणाले, "साहेब, त्याची मूठच वळत नाही. म्हणून तर औषध करतोय."

सतरा बंद झाला. चार ओळींचं पत्र आलं. नमुने, पावडर, वह्यांच्या प्रती, सगळ्याची विल्हेवाट लावायची. पावडरीची बाटली भट्टीत जाताना सरांनी स्वतः नेऊन दिली. परत आले आणि हात धुतले. बराच वेळ धूत होते. रिटायरमेंटला नऊ दिवस राहिले होते. माणसाच्या रक्तातला सतरा राहूनच गेला, आणि आता जगात कुठे चिमूटभर सतराही उरला नव्हता.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे. मशीनला रक्तातलं औषध ओळखता यावं म्हणून त्याला आधी औषध नसलेलं रक्त दाखवावं लागतं. मोठ्या लॅब ते बाहेरून मागवतात. आमच्याकडे ते कधी वेळेवर आलं नाही, म्हणून पहिल्यापासून ठरून गेलं की नोकरीला लागणाऱ्याने पहिल्या दिवशी एक पिशवी रक्त द्यायचं. त्यातला लाल भाग काढून टाकतात आणि वरचं पिवळं पाणी उणे सत्तरच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. पिशवीवर नाव आणि रुजू झाल्याची तारीख. तिला म्हणतात कोरी पिशवी. माझी आहे, कुसुमताईंची आहे. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याची पिशवी नष्ट करायची आणि तसा फॉर्म भरायचा. आणि नष्ट करण्याआधी ती कोरीच होती याची एकदा मशीनवर नोंद करायची.

सरांची पिशवी कुसुमताईंनी त्यांच्या शेवटून दुसऱ्या दिवशी बाहेर काढली. तळाशी होती, बर्फात रुतलेली. तारीख ते रुजू झाले त्या दिवसाची. म्हणजे सतरा सोडा, पहिला रेणूसुद्धा तेव्हा सरांच्या डोक्यात नव्हता.

सकाळी दहाला मी थेंब मशीनला लावला आणि चहाला जायला उठलो. पडद्यावर टेकडी होती.

मी मशीन धुतलं. माझ्या पिशवीतला थेंब लावला. सपाट. कुसुमताईंच्या पिशवीतला लावला. सपाट. पुन्हा सरांचा. टेकडी. त्याच वजनाचा रेणू, तुटला तरी तसाच तुटणारा. सतरा.

सरांना बोलावलं. ते सामान आवरत होते, हातात दोरीची गुंडाळी तशीच घेऊन आले. घाबरले की ते अहिराणीवर यायचे. पडद्याकडे बघत म्हणाले, "हाई काय शे, जाधव?"

मी म्हणालो, तुम्हीच सांगा. तुम्ही कधी चाखण्यापेक्षा जास्त काही केलं असेल, तर आत्ता सांगून टाका. त्यांनी शर्टाची बाही वर केली. कुसुमताईंनी त्यांच्या हातातून ताजं रक्त काढलं. अर्ध्या तासात मी ते चालवलं. हातातलं रक्त कोरं होतं. पिशवीतलं नव्हतं.

सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, एका ठिपक्यावर बोलायचं नाही, आयुष्यभर हेच शिकवलंय लोकांना. तासाभराने दुसरा घ्या. घेतला. टेकडी जरा बुटकी. तिसरा, आणखी बुटकी. मी म्हणालो, बाहेर ठेवल्याने नासत असेल. ते म्हणाले, बर्फावर आहे, आणि सतरा बर्फावर महिनाभर नासत नाही हे तूच सिद्ध केलंस. खरं होतं. माझी सही होती त्यावर.

साडेपाचपर्यंत आम्ही ठिपके घेत राहिलो. सरांनी ते कागदावर जोडले. एक सरळ, सावकाश उतरणारी रेघ. जिवंत माणसाच्या अंगातून औषध जसं उतरतं, तशी. त्या पिशवीत ना लिव्हर, ना मूत्रपिंड. नुसतं पिवळं पाणी, प्लॅस्टिकमध्ये. सरांनी रेघेखालची जागा मोजली आणि पेन्सिल खाली ठेवली. उंदरात नाही, कुत्र्यात नाही, इतक्या वर्षांत कुठेच जे भरलं नव्हतं ते इथे काठोकाठ भरलं होतं. दिवसातून एक गोळी पुरली असती.

कुसुमताईंनी पिशवी परत फ्रीजरमध्ये ठेवली, कुलूप लावलं, कुलपावर कागद चिकटवून आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली. जाताना मला म्हणाल्या, उद्यापर्यंत उरेल ते पण जाईल. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी नऊला आम्ही तिघं फ्रीजरपुढे उभे. कागद शाबूत, सह्या शाबूत. पिशवी काढली, थेंब लावला.

टेकडी काल सकाळच्या टेकडीइतकी उंच होती. तीच उंची, तोच आकार. रात्रीतून रेघ तळाला जायच्या ऐवजी परत वर चढली होती, जशी रोज एक गोळी घेणाऱ्या माणसाची चढते.

कुसुमताई हलकेच मागे सरकल्या आणि त्यांची पाठ भिंतीला लागली. सर मात्र पडद्याजवळ गेले, इतके जवळ की काचेवर वाफ धरली. तिथूनच त्यांनी विचारलं, आणि ते आमच्यापैकी कोणाला विचारत नव्हते,

"डोस कोनी दिना?"

तेवढ्यात कुलथे साहेबांचा फोन आला. गांगुर्ड्यांचे बाकी सगळे कागद झालेत, तेवढा पिशवीचा फॉर्म राहिलाय, तो भरून पाठवा आणि पिशवी भट्टीत द्या. मी फोन ठेवला आणि फॉर्म सरांपुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन असतात. 'नष्ट केली' आणि 'राखून ठेवली'. दुसऱ्या चौकोनात आजवर कोणी खूण केलेली मी बघितली नव्हती.

सरांनी पिशवी बर्फात नीट निजवली, कडेने बर्फ सारखा केला. मग पेन घेतलं, दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि 'कारण' या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'रुग्णाचे औषध अद्याप चालू आहे.'